चामड्याचा नाद आणि नादाचे शास्त्र

सी. व्ही. रामन यांचे नाव शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, ते प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनामुळे. १९३० सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले तेही त्यासाठीच. परंतु या शास्त्रज्ञाने उमेदीची अनेक वर्षे वाद्यांच्या अभ्यासात घालवली आणि त्यात आपल्या तबल्या-मृदंगाचाही समावेश होता, ही गोष्ट विज्ञानाच्या पदवीधरांनाही बहुधा माहीत नसते. मलाही एम.एस्सी. होईपर्यंत माहीत नव्हती. १९२० साली रामन आणि शिवकाली कुमार यांचे एक छोटे टिपण 'नेचर' या इंग्रजी नियतकालिकात आले. पुढे १९३४ साली रामन यांनी भारतीय चर्मवाद्यांवर सविस्तर निबंध लिहिला. या लिखाणाचे महत्त्व मी आधी सांगतो आणि मग माझे त्याच्याशी भांडण काय आहे ते सांगतो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने वाङ्मयाच्या त्रैमासिकात हे कशाला मांडायचे, अशी शंका कुणाला आली तर ती थोडा वेळ बाजूला ठेवावी, एवढी विनंती.

ताणलेली तार छेडली की तिच्यातून एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही निघतात. ही पटीची शिस्त असते म्हणूनच कान त्या सगळ्या मिश्रणाला एक 'सूर' म्हणून ओळखतो. ताणलेल्या कातड्याला ही शिस्त नसते. नुसते कातडे वर्तुळाकार चौकटीवर ताणून वाजवले तर मूळ कंपनानंतरची कंपने १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी वेडीवाकडी येतात. त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. म्हणून साध्या ढोलाचा आवाज गंभीर असतो, दणदणीत असतो, पण त्याचा 'सा' कोणता हे गवयाला सांगता येत नाही.

तबल्याच्या पुडीवर मध्यभागी जो काळा गोल असतो, ज्याला आपण शाई म्हणतो, तो हा सगळा हिशेब बदलून टाकतो. लोखंडाची बारीक पूड आणि भाताची खळ यांचा लेप थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घासून, मधोमध जाड आणि कडेला पातळ असा बसवलेला असतो. घासताना लेपाला बारीक बारीक चिरा पडतात आणि त्यामुळे कठीण होऊनही तो कातड्याबरोबर हलू शकतो. या वजनामुळे कातड्याची बेशिस्त कंपने सरकत सरकत पटीच्या जागांवर येऊन बसतात. रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून दाखवले की कातड्याची पहिली नऊ कंपने मिळून पाचच स्वर तयार होतात, आणि ते पाच स्वर तारेसारखेच एक, दोन, तीन, चार, पाच अशा पटीत असतात. कातड्याला तारेचा गुण देण्याची ही करामत आहे. युरोपातल्या नगाऱ्यांना भांड्यातल्या हवेच्या मदतीने यातले थोडेफार साधले होते. इतक्या पूर्णपणे ते साधले शाईच्या युक्तीने. यंत्रे नव्हती, कंपने मोजण्याची साधने नव्हती, गणित नव्हते. होते काय, तर कान, बोट, दगड आणि कातड्याची जाण.

हे वाचले तेव्हा मला आनंद झाला होता, हे मी कबूल करतो. पण रामन यांनी १९२२ साली लिहिलेल्या आणखी एका निबंधाचे शीर्षक 'प्राचीन हिंदूंचे ध्वनिज्ञान' अशा अर्थाचे आहे, हे कळले आणि तो आनंद थोडा कडवट झाला. हे 'प्राचीन हिंदू' म्हणजे नक्की कोण? गाईचे, बकऱ्याचे कातडे सोलून, चुन्यात भिजवून, केस काढून, ताणून, उन्हात वाळवून त्यातला कोणता भाग पुडीला चालेल आणि कोणता वादीला, हे बोटांनी चाचपून सांगणारा तो प्राचीन हिंदू गावाच्या कोणत्या बाजूला राहत होता? त्याच्या हातचे पाणी चालत होते काय? ज्या ज्ञानाची पावती विसाव्या शतकातल्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याने दिली, ते ज्ञान ज्याने मिळवले त्याला धर्माने अक्षरही शिकू दिले नव्हते. पावती मात्र एका मोघम 'हिंदू'च्या नावे फाटली.

रामन यांना मी यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. त्या काळच्या राष्ट्रवादी विद्वानांची ही भाषाच होती. परक्या सत्तेपुढे आपले पूर्वजही शास्त्र जाणत होते हे सिद्ध करायचे होते, आणि ते करताना पूर्वजांत प्रतवारी कशी होती हे सांगायला कुणाला सवड नव्हती. माझा मुद्दा पुढचा आहे. स्वातंत्र्यानंतरही, आजतागायत, ध्वनिशास्त्राबद्दल आपल्याकडे जे लोकप्रिय लिखाण होते त्यात हा मोघम पूर्वज तसाच ठाण मांडून बसला आहे. त्याची जात कुणी विचारत नाही. एरवी प्रत्येकाची जात विचारणाऱ्या समाजात हे विशेषच म्हटले पाहिजे.

नाट्यशास्त्रातली कथाच पाहा. स्वाती नावाचे मुनी तळ्यावर पाणी आणायला गेले. पाऊस आला. कमळाच्या लहान-मोठ्या पानांवर थेंब पडून वेगवेगळे नाद निघाले. ते ऐकून त्यांनी विश्वकर्म्याच्या मदतीने पुष्कर वाद्ये घडवली. कथा सुंदर आहे, आणि कानाने ऐकून मग वाद्य घडवणे ही पद्धतही शास्त्रीय आहे. पण कमळाच्या पानापासून मृदंगाच्या तोंडापर्यंत येताना वाटेत एक मेलेले जनावर आहे, ते कथेतून गायब आहे. ते कुणी ओढून नेले, कुणी सोलले, याची वास्तपुस्त नाही. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. ग्रीकांचा पायथागोरस लोहाराच्या भात्यापाशी थांबला, हातोड्यांचे आवाज ऐकले, हातोड्यांची वजने केली आणि त्याला स्वरांची प्रमाणे सापडली, अशी दंतकथा युरोपात दीड-दोन हजार वर्षे चालली. पुढे सोळाव्या शतकात गॅलिलिओचा बाप विन्सेन्झो याने तारांना वजने टांगून पाहिले. त्याला आढळले की स्वर दुप्पट चढवायला ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. दंतकथेतले वजनांचे गणित खोटे निघाले. तो लोहार तेव्हा असता तर त्याने हे पहिल्या दिवशीच सांगितले असते. पण लोहाराला कुणी विचारले नाही, आणि दंतकथेने त्याला नावही दिले नाही.

आता थोडे माझ्या स्वतःच्या कानाविषयी.

माझे गाव रत्नागिरी तालुक्यातले. देऊळ वर, गावाच्या मध्यावर. आमची वाडी खाली, खाडीच्या अंगाला, देवळापासून अर्ध्या मैलावर. आता तिला बौद्धवाडी म्हणतात, आजोबांच्या लहानपणी महारवाडी म्हणत. शिमग्याच्या रात्री वर पालखी नाचे. आम्ही पोरे अंगणात पडून ऐकत असू. काय ऐकू येई? ढोलाची थाप. फक्त थाप. वर गाणे चालले आहे, नमन चालले आहे, कुणीतरी काहीतरी बोलते आहे आणि लोक हसत आहेत, हे कळे. शब्द मात्र एकही पोचत नसे. मला वाटे, हे लोक मुद्दाम आम्हाला ऐकू येऊ नये असे बोलतात.

पुढे ध्वनिशास्त्र शिकलो तेव्हा या अनुभवाचा उलगडा झाला. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे वर ढोलावर टिपरू पडल्यापासून आमच्या अंगणात थाप यायला दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागत असला पाहिजे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. हा नियम सगळ्यांना सारखा. पण पुढचे नियम सारखे नाहीत. ढोलाच्या खर्ज आवाजाची, समजा १०० हर्ट्झच्या, तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते. असा तरंग घर, गडगा, आंब्याचे खोड यांना वळसा घालून पुढे जातो आणि हवाही त्याला फारशी शोषत नाही. ३००० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ११ सेंटिमीटर. ती अडते, विखुरते, हवेत विरते. माणसाच्या बोलण्यात स्वरांचा गलका खालच्या कंपनसंख्यांत असतो, पण स, श, त, क, प अशा व्यंजनांची ओळख पटवणारा भाग वरच्या कंपनसंख्यांत असतो. म्हणून लांबून ऐकताना पहिल्यांदा व्यंजने जातात. व्यंजने गेली की शब्द गेला, अर्थ गेला. उरतो तो नुसता आवाज. त्यात रात्री जमीन लवकर निवते, जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि ध्वनी वर उडून जाण्याऐवजी खाली वळतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटतो, तोही ध्वनीला आमच्या बाजूला ढकलतो. म्हणून थाप इतकी स्पष्ट यायची की छातीत वाजते आहे असे वाटे.

गावाने वाडी कुठे वसवायची हे ठरवताना ध्वनिशास्त्राचा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. विटाळाचा विचार केला, एवढे पुरे. पण परिणाम असा झाला की आमच्यापर्यंत गावाची हाक पोचे आणि गावाचा अर्थ पोचत नसे. आणि यातला मोठा विनोद असा की वरचा तो ढोल एके काळी आमचे आजोबाच वाजवीत.

शास्त्रांत तर याची तरतूदच आहे. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापवलेले कथील आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगितली आहे, ही गोष्ट या त्रैमासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण कानाची रचना समोर ठेवून ती पुन्हा एकदा वाचावी. कानाची नळी अडीचेक सेंटिमीटर लांब. तिच्या तळाशी पडदा. तोही एक ताणलेले कातडेच. त्याच्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे. शरीरातली ही सर्वांत लहान हाडे. त्यांना नावे देताना शरीरशास्त्रज्ञांना लोहाराची आठवण झाली हे बरे झाले. त्यापुढे शंखाच्या आकाराची नळी, तिच्यात द्रव, आणि त्या द्रवाच्या हालचालीने डोलणाऱ्या पंधरा-सोळा हजार केसपेशी. या नळीच्या तोंडाशी उंच स्वर आणि टोकाशी खर्ज स्वर ओळखले जातात. हे दाखवून देणाऱ्या बेकेशी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एकदा मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. म्हणजे स्मृतिकारांनी शिक्षेसाठी जो अवयव निवडला तो दुरुस्त न होणारा निवडला.

ऐकायला बंदी आणि ऐकवायची सक्ती, हे दोन्ही एकाच व्यवस्थेचे भाग होते. तराळाने गावभर दवंडी पिटायची, गोऱ्या साहेबाची स्वारी आली की पुढे धावत हाळी द्यायची, मयताची खबर पाच कोसांवर पोचवायची. शंकरराव खरात यांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावातच तो 'तराळ' शब्द ठेवला आहे. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त इंदूरकडच्या बलाई जातीचे उदाहरण १९२८ सालच्या वर्तमानपत्रातून दिले आहे. सवर्णांनी त्यांच्यावर लादलेल्या अटींत भारी काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचे दागिने घालू नयेत, या अटींच्या पंगतीतच हिंदूंच्या प्रत्येक लग्नात बलायांनी वाजंत्री वाजवलीच पाहिजे, अशीही अट होती. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही अट नीट वाचावी. आपल्याकडे वादन ही काही माणसांची साधना होती आणि काही माणसांची वेठ. दोघांची गणना एकाच कलेत करणे ही फसवणूक आहे.

'मान' या गोड शब्दाखाली ही वेठ झाकली जाते. "ढोलाचा मान तुमचाच," असे गावकरी आजोबांना म्हणत. मानाच्या बदल्यात नारळाची कातळी आणि लांबून टाकलेले जेवण. १९५६ नंतर आमच्या वाडीने बैठक घेतली आणि ढोल खाली ठेवला. आजोबा त्या वेळी ऐन पंचविशीत होते. ते सांगत, ठेवताना हात थरथरला, पण ठेवला. त्यानंतर त्यांनी मरेपर्यंत त्याला हात लावला नाही. माडीवर कांबळ्यात गुंडाळलेला तो ढोल मी पाहिला आहे. पावसाळ्यात त्याचे कातडे ओलाव्याने सैल पडे आणि उंदीर वरून गेला तरी भद्द असा आवाज येई. आजोबा खालून म्हणत, "त्याला जाळावर धरायला हवा." आणि मग गप्प बसत. जाळावर धरल्याने काय होते हे मी आता वर्गात शिकवतो. कातड्यातले पाणी उडते, तंतू आखडतात, ताण वाढतो, स्वर चढतो. स्वर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो, हे सूत्र आजोबांना माहीत नव्हते. किती वेळ धरायचा, कोणत्या बाजूने आणि कधी थांबायचे, हे माहीत होते.

या प्रश्नावर आपल्या साहित्याने काय केले? दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) पुढे आमच्या आत्मकथनांनी वेठ, येसकरकी, मेलेली ढोरे, उष्टे अन्न यांचा हिशेब मांडला, आणि तो मांडलाच पाहिजे होता. पण या कामांत जे ज्ञान होते त्याबद्दल आपण हात आखडता घेतला. कारण उघड आहे. ज्या कामातून सुटायचे त्याचे कौतुक कसे करायचे? कौतुक केले की गाव लगेच म्हणणार, एवढी कला आहे तर मग या की पुन्हा वाजवायला. याबाबतीत रत्नागिरीच्याच उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) मला वेगळे वाटते. बांबूच्या कामाचा शब्द त्यांनी पुस्तकाच्या माथ्यावर ठेवला. आईच्या हातातले विणकाम आणि आपले लिहिणे यांचे नाते जोडताना त्यांनी त्या कामातली लाचारीही लपवली नाही आणि हाताची हुशारीही लपवली नाही. चामड्याच्या आणि वाजपाच्या कामाबद्दल असे मराठीत लिहिले गेले पाहिजे. अजून ते म्हणावे तसे लिहिले गेलेले नाही, असे माझे मत आहे.

तेलुगू मुलखातून आलेल्या कांचा ऐलय्या यांनी आपल्या 'पोस्ट-हिंदू इंडिया' (२००९) या ग्रंथात चामड्याचे काम करणाऱ्या मादिगांना सरळ शास्त्रज्ञ म्हटले आहे. त्यांची मांडणी कधी कधी घाईची वाटते. पण कातडे कुजू न देता टिकवणे हे रसायनशास्त्र आहे, आणि ते गावाने हुसकून लावलेल्या माणसांनी विकसित केले, हा मुद्दा खोडता येणार नाही. तामिळनाडूत टी. एम. कृष्णा या कर्नाटक संगीतातल्या नामवंत गायकाने मृदंग बनवणाऱ्यांचा इतिहास 'सेबास्टियन अँड सन्स' या पुस्तकात २०२० साली लिहिला. मृदंगाला गाय, बकरा आणि म्हैस या तिघांचे कातडे लागते. ते आणणारे, सोलणारे, बसवणारे कारागीर बहुतांशी दलित ख्रिस्ती. वाजवणारे बहुतांशी ब्राह्मण. पालघाट मणी अय्यर यांच्यासारख्या श्रेष्ठ वादकाच्या नावावर नादाच्या ज्या सुधारणा जमा आहेत त्यांत पार्लांडू या कारागिराचा वाटा किती, हा प्रश्न कृष्णा यांनी उघडपणे विचारला. चेन्नईतल्या कलाक्षेत्र या संस्थेने पुस्तकाच्या प्रकाशनासाठी दिलेले सभागृह आयत्या वेळी नाकारले आणि समारंभ दुसरीकडे करावा लागला. गाईचे कातडे मृदंगावर चालते, पुस्तकात चालत नाही.

कृष्णा यांच्या पुस्तकाचे मी स्वागत करतो. तरीही त्यात मला एक खोट दिसते. कारागीर बोलतात, पण गायक त्यांना बोलते करतो म्हणून बोलतात. कारागिराच्या कानाची कसोटी शेवटी वादकाच्या समाधानावर लागते. 'स्वर लागला' हे कोण ठरवणार? पुडी बसवणारा माणूस गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देत, चाटेवर बोट मारत, स्वर सगळ्या बाजूंनी सारखा येईपर्यंत ऐकत असतो. तो कुठल्याही प्रयोगशाळेतल्या माणसाइतका काटेकोर ऐकणारा असतो. त्याला 'कान तयार आहे' असे कुणी म्हणत नाही. ते विशेषण मैफलीत पुढच्या रांगेत बसणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले आहे.

इथे एका धोक्याकडे लक्ष वेधतो, कारण आमच्या विद्यार्थ्यांशी बोलताना मीच एकदा त्या खड्ड्यात पडलो होतो. रामन यांचा निष्कर्ष वापरून तबला आणि मृदंग 'सुरेल' म्हणून शास्त्रशुद्ध आणि हलगी, ढोल, टिमकी ही 'बेसूर' म्हणून खालच्या पायरीची, असे सहज म्हणता येते. हेल्महोल्ट्झने १८६३ सालच्या ग्रंथात नियमित कंपने म्हणजे संगीत आणि अनियमित कंपने म्हणजे गोंगाट असा भेद केला, तो पाठ्यपुस्तकांतून आपल्यापर्यंत आला आहे. या व्याख्येने हलगी गोंगाटात जमा होते. पण कान काही फक्त सूर मोजत नाही. दोन ठोक्यांमधली दोन-तीन हजारांश सेकंदांची फटही त्याला जाणवते. डाव्या-उजव्या कानांत आवाज पोचायला पडणारा एका हजारांश सेकंदाहूनही कमी फरक पकडून तो दिशा सांगतो. सूर नसलेल्या वाद्याचा तुटक, टोकदार ठोका या कामाला सुरापेक्षा सरस. हलगीची कडकड दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात जोरकस असते, आणि कानाची नळी नेमका तोच पट्टा फुगवून पडद्याकडे पाठवते. मैदानावर, डोंगरउतारावर, शेकडो माणसांत एक ताल पोचवायचा तर हेच वाद्य हवे. ज्याला जे काम होते त्याने त्या कामाचे शास्त्र जाणले. सूर श्रेष्ठ आणि ठोका कनिष्ठ हा भेद पदार्थविज्ञानातून निघत नाही. तो आधीच मनात असतो आणि मग पदार्थविज्ञानाचा आधार शोधतो.

पेटीचेही असेच झाले. हार्मोनियमचे स्वर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेले असतात. 'सा' २४० धरला तर शुद्ध गंधार ३०० यायला हवा. पेटीवर तो ३०२.४ च्या आसपास येतो. हा दोष खरा आहे, तयार कानाला तो टोचतो. या आणि अशा कारणांवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीला जी बंदी केली ती १९७१ पर्यंत टिकली. पण नेमक्या त्याच काळात भीमगीतांची मंडळे हीच पेटी गळ्यात अडकवून वाड्या-वस्त्या जागवीत होती. मीठ-मिरचीतून पैसे साठवून घेतलेली पेटी. तिला तानपुऱ्यासारखी सतत लावण्याची कटकट नाही, दमट हवेत ती ढोलासारखी रुसत नाही, आणि चार दिवसांत मुलगा बोटे फिरवू लागतो. २.४ कंपनांच्या फरकाने त्या गाण्यांचे काय बिघडले, हे कुणीतरी मला सांगावे.

मग आपण वाद्य टाकले की ठेवले? माझ्या समजुतीप्रमाणे चळवळीने पालखीपुढचा ढोल टाकला आणि जलशातली ढोलकी हातात धरली. १९३०च्या दशकापासून भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी ढोलकी-तुणतुण्यावर आंबेडकरी जलसे उभे केले. त्या ढोलकीच्या लहान तोंडालाही शाई असते, तिलाही तेच शास्त्र लागू आहे. तामिळनाडूत दलित तरुणांनी आधी पराई वाजवायला नकार दिला आणि नंतर तीच पराई स्वतःच्या मोर्च्यांत वाजवली. कातडे तेच राहिले, फक्त कुणाच्या हुकमावरून वाजवायचे हे बदलले. आमच्या वाडीतल्या जुन्या माणसांना ही गोष्ट पटत नाही. ते म्हणतात, ढोल तो ढोल, आज मोर्च्यात वाजवाल, उद्या गाव पालखीला बोलावील. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. दोन वर्षांपूर्वी 'लोककला जतन' या गोंडस नावाखाली असे बोलावणे खरोखरच आले होते.

जयंतीच्या मिरवणुकीबद्दल मात्र मला कठोर बोलावे लागेल. १४ एप्रिलला आमच्या गाडीवर आता ढोलकीही नसते, पेटीही नसते. भाड्याने आणलेल्या ध्वनिक्षेपकांची भिंत असते, आणि तिच्यासमोर आमची आठ-दहा वर्षांची पोरे चार-पाच तास नाचत असतात. कारखान्यातल्या कामगारासाठी आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या आरोग्यसंशोधन संस्थेची शिफारस त्याहून कडक, आठ तासांना ८५. दर तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. भिंतीजवळ आवाज याहूनही वर असतो. दुसऱ्या दिवशी पोर म्हणते, कानात शिट्टी वाजते आहे. दोन दिवसांनी शिट्टी थांबते आणि आपण विसरतो. मेलेल्या केसपेशी मात्र परत येत नाहीत. आधी जाते ती वरच्या कंपनसंख्यांची श्रवणशक्ती, म्हणजे पुन्हा व्यंजने. वर्गात मागच्या बाकावर बसलेला आमचा मुलगा उद्या मास्तरांचा आवाज ऐकेल आणि शब्द ऐकणार नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. ही सवलत कोणत्या सणांना आणि पोलिसांचे मीटर आधी कोणत्या मिरवणुकीपुढे निघते, हे कार्यकर्त्यांनी जरूर विचारावे, भांडावे. ते भांडण रास्त आहे. पण त्यांच्या भिंती आहेत म्हणून आमचीही भिंत, हा युक्तिवाद मला मान्य नाही. त्यांच्या पोरांचे कान गेले तर त्यांच्याकडे दुसरे बरेच काही आहे.

गेल्या वर्षी मी आजोबांचा ढोल दुरुस्त करून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेला. एका सहकाऱ्याने विचारले, हे इथे कशाला? मी म्हटले, कंपने दाखवायला. बाजारातून तबल्याची एक पुडीही आणली होती. भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू चाळून, वाळवून दोन्हींवर पसरली. दोन्हींजवळ वेगवेगळ्या कंपनसंख्यांचा ध्वनी सोडला आणि मुलांना रेषा वहीत काढायला लावल्या. ढोलावर वाळूच्या रेषा जिथे बसतात त्या कंपनसंख्या पटीत येत नाहीत, शाईच्या पुडीवर येतात. आकडे मुलांनी स्वतः मांडले. एका मुलीने वहीत विचारले होते की शाई पहिल्यांदा कुणी लावली. तिच्या वहीत मी लाल शाईने लिहिले : नाव नोंदलेले नाही, जात नोंदलेली आहे. तिने त्याखाली पुढचा प्रश्न लिहून वही परत पाठवली, आणि तिचे उत्तर मी अजून दिलेले नाही. तिने विचारले होते : सर, हा ढोल तुमच्या घरी कसा आला?